फितूर कोणाला म्हणावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला गाणी, फराळ आणि बक्षिससमारंभ यांच्या जोडीला एक तरी व्याख्यान असावे, ही आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. यंदाचा विषय ऐकून काही जणी चपापल्या असतील. दुसऱ्या महायुद्धात रशियनांच्या हाती सापडलेले जर्मन वैमानिक, आणि त्यांच्यापैकी काहींनी शत्रूशी केलेले सहकार्य! बायकांच्या सभेत ह्या विषयाचे काय काम, असे कोणालाही वाटावे. परंतु ही गोष्ट नुसती विमानांची आणि तोफांची नाही. रशियातल्या छावणीत एखाद्याने कागदावर सही केली, तर तिकडे जर्मनीत त्याच्या बायकोला पोलीस घेऊन जात. एखाद्याने सही केली नाही, तर त्याच्या बायकोला दहा दहा वर्षे वाट पाहावी लागे. म्हणजे निर्णय पुरुषाने घेतला, पण त्याची किंमत घरी बसलेल्या स्त्रीनेही मोजली. म्हणून हा विषय आपलाही आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगते. २२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएट रशियावर स्वारी केली. पहिल्या वर्षी जर्मन सेना मॉस्कोच्या वेशीपर्यंत पोहोचली, दुसऱ्या वर्षी व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडपर्यंत. तेथे मात्र नशीब फिरले. १९४३च्या जानेवारीच्या अखेरीस सेनापती पाउलुस शरण आला आणि सुमारे ९१,००० जर्मन सैनिक कैद झाले. उपासमार, थंडी आणि टायफस यांनी त्यांतले बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच दगावले. जर्मनीला परत गेले ते सुमारे पाच-सहा हजार.

हा आकडा ऐकून मन कळवळते. पण तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. जर्मनांनी सुमारे ५७ लाख रशियन सैनिक कैद केले होते आणि त्यांतले ३० लाखांहून अधिक मेले. कित्येकांना उघड्या मैदानात तारेच्या कुंपणाआड अन्नपाण्याविना ठेवले होते. गावेच्या गावे जाळली गेली, ज्यू कुटुंबांची सरसकट कत्तल झाली. जे जर्मन वैमानिक रशियावर उडत होते ते ह्याच स्वारीचे शिपाई होते, हे विसरून त्यांच्या धैर्याचे गोडवे गाणे बरोबर होणार नाही.

आता वैमानिकाची कैद ही पायदळाच्या शिपायापेक्षा वेगळी असते. शिपाई आपल्या पलटणीबरोबर, हजारोंच्या संगतीने शरण जातो. वैमानिक एकटा पडतो. विमानाचे इंजिन बंद पडले की पाच मिनिटांपूर्वी आकाशाचा राजा असलेला तरुण शत्रूच्या शेतात उभा असतो, आणि ज्यांची घरे बेचिराख झाली ते गावकरी समोरून येत असतात. तो जगला तर लगेच चौकशी सुरू होते, कारण नव्या विमानांची, तळांची, बिनतारी संदेशांची माहिती त्याच्याजवळ असते. त्यातून त्याचे नाव वर्तमानपत्रात गाजलेले असेल, तर त्या नावालाच मोल येते. त्याच्या सहीचे पत्रक विमानातून जर्मन खंदकांवर टाकले, तर शिपाई ते उचलून वाचणार.

असाच एक तरुण होता हाइन्रिख फॉन आइन्झीडेल. वय अवघे एकवीस. ३५ विमाने पाडल्याची त्याच्या नावावर नोंद होती. पण त्याचे खरे मोल दुसऱ्याच गोष्टीत होते. जर्मनीचे एकीकरण करणाऱ्या बिस्मार्कचा तो पणतू होता. ३० ऑगस्ट १९४२ रोजी स्टालिनग्राडजवळ त्याचे विमान पडले आणि तो रशियनांच्या हाती लागला. रशियाशी जर्मनीने वैर धरू नये, हे बिस्मार्कचे धोरण साऱ्या जर्मनीला ठाऊक होते. तेव्हा त्याच्याच पणतूने हिटलरविरुद्ध बोलावे, ह्यापरते प्रचाराला दुसरे काय हवे?

पुढच्या वर्षी, १२ आणि १३ जुलै १९४३ रोजी, मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क येथे 'स्वतंत्र जर्मनी राष्ट्रीय समिती' स्थापन झाली. हिटलरच्या छळामुळे रशियात आश्रयाला आलेले जर्मन साम्यवादी आणि पकडलेले सैनिक व अधिकारी तिचे सभासद होते. अध्यक्ष एरिख वाइनर्ट नावाचा कवी होता, आणि आइन्झीडेल उपाध्यक्षांपैकी एक झाला. समितीचे वर्तमानपत्र निघे, आकाशवाणीवरून भाषणे होत, आघाडीवर कर्णे लावून जर्मन शिपायांना हाका मारल्या जात: हिटलरला सोडा, लढाई थांबवा, जर्मनी वाचवा.

दोन महिन्यांनी अधिकाऱ्यांचा वेगळा संघ निघाला. त्याचा अध्यक्ष होता स्टालिनग्राडला पकडलेला सेनापती वाल्थर फॉन झाइडलिट्झ. तो वैमानिक नव्हता, पण त्याच्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. हा मनुष्य भित्रा नव्हता की पोटासाठी लाचारही नव्हता. हिटलरच्या हट्टापायी एक सबंध सेना बर्फात गाडली गेली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. उरलेल्या सेना तरी वाचाव्यात, म्हणून रशियनांशी हातमिळवणी करणे त्याला कर्तव्य वाटले.

आणि मग घरी काय झाले? एप्रिल १९४४मध्ये जर्मन लष्करी न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावली. बायकोवर घटस्फोटासाठी दडपण आणले गेले. जुलैमध्ये हिटलरच्या खुनाचा प्रयत्न फसल्यावर तर ह्या बाईला व मुलींना धरून नेले आणि धाकट्या लेकींना आईपासून तोडून बालगृहात ठेवले. एकाच्या अपराधाबद्दल साऱ्या कुळाला दंड, असा हा नाझी राज्याचा कायदा होता. सेनापती पाउलुसनेही ऑगस्ट १९४४मध्ये हिटलरविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्याची पत्नीही स्थानबद्ध झाली. १९४९ साली ती वारली. नवऱ्याची पुन्हा भेट झाली नाही. पाउलुस १९५३ साली सुटला.

भगिनींनो, ह्या बायकांना कोणी विचारले होते का? आकाशवाणीवर बोलण्याआधी नवऱ्याला त्यांचा सल्ला घेता आला नाही, आणि नंतर क्षमाही मागता आली नाही. मनाला पटलेली गोष्ट बोलावी, तर आपल्या माणसांच्या गळ्याला फास. न बोलावे, तर हजारो अनोळखी मुलगे मरणार. अशा वेळी कोणता मार्ग बरोबर, हे येथे पंख्याखाली बसून सांगणे सोपे नाही.

आता मे १९४५कडे येऊ. हिटलर मेला होता, बर्लिन पडले होते. रशियाच्या आघाडीवर लढलेले एक नामांकित लढाऊ विमानदल चेकोस्लोव्हाकियात होते. त्याचा प्रमुख हेर्मान ग्राफ. शत्रूची २०० विमाने पाडल्याची नोंद झालेला तो पहिला वैमानिक. एकूण आकडा २१२. त्याच्या हाताखाली होता एरिख हार्टमन, वय तेवीस, नावावर ३५२ विमाने. जगाच्या इतिहासात एवढी संख्या दुसऱ्या कोणाची नाही. दोघांनी आपली माणसे घेऊन अमेरिकनांपुढे शस्त्रे ठेवली. पण पूर्व आघाडीवर लढलेल्यांना रशियाच्या स्वाधीन करायचे, असे दोस्तांमध्ये ठरले होते. त्याप्रमाणे काही दिवसांतच त्यांना रशियनांच्या हवाली करण्यात आले.

येथून दोघांच्या वाटा फुटल्या. ग्राफ गरीब घरातला, हाताने कुलूपकाम शिकून वर आलेला. युद्ध संपले, आपण हरलो, आता पकडणाऱ्यांशी मिळते घ्यावे, असा विचार त्याने केला. हार्टमनने उलटा पवित्रा घेतला. अधिकाऱ्याला सक्तीची मजुरी लावता येत नाही, हा नियम पुढे करून त्याने काम नाकारले, सोबत्यांची चहाडी करण्याचे नाकारले, हव्या त्या कबुलीवर सही करण्याचे नाकारले. त्याने अन्नत्याग केला तेव्हा त्याला बळजबरीने अन्न घातले, एकान्तकोठडीत डांबले. ही हकीकत मुख्यतः त्याच्याच सांगण्यावरून लिहिलेल्या चरित्रात आली आहे, तेव्हा ती तेवढ्या बेताने घ्यावी. पण त्याला पंचवीस वर्षांची सक्तमजुरी झाली, ही गोष्ट सरकारदप्तरी आहे. १९४९-५०च्या सुमारास असे खटले भराभर उरकले जात. रशियाने १९४७मध्ये फाशीची शिक्षा काढून टाकली होती, म्हणून 'पंचवीस वर्षे' हा जणू ठरीव दर झाला होता.

हार्टमनच्या घरचे चित्र पाहा. पत्नी उर्झुला, लाडाचे नाव उश. लग्न सप्टेंबर १९४४चे. नवरा कैद झाला त्याच महिन्यात मुलगा झाला. तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास ते मूल दगावले. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. आई एलिझाबेथ ही स्वतः विमानविद्या जाणणारी बाई. इंजिनाशिवाय वाऱ्यावर तरंगणारे विमान चालवायला मुलाला तिनेच शिकवले होते. मुलाच्या सुटकेसाठी तिने अर्ज-विनंत्यांचा पिच्छा सोडला नाही, थेट चान्सलर आडेनाउअरपर्यंत लिहिले. सासू आणि सून, दोघी दहा वर्षे पोस्टमनची वाट पाहत राहिल्या. छावणीतून येणारे पोस्टकार्ड मोजक्या शब्दांचे, तेही तपासनिसाच्या हातातून गेलेले. त्यात सुख किती लिहिणार आणि दुःख किती?

आता हिशेब मांडून पाहू. सहकार्य करणाऱ्याचे कल्याण झाले आणि न करणाऱ्याचे वाटोळे झाले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात काय घडले? ग्राफ १९४९च्या अखेरीस सुटला. पण हान्स हान नावाचा दुसरा वैमानिक, १०८ विमाने नावावर असलेला, फेब्रुवारी १९४३पासून कैदेत होता. त्याने सहकार्य नाकारले, आणि तोही १९४९ सालीच परतला. हार्टमनने काहीच दिले नाही, त्याला पंचवीस वर्षे. झाइडलिट्झने तर उघड हात दिला, त्यालाही १९५० साली रशियन न्यायालयाने पंचवीस वर्षेच दिली! युद्ध संपताच रशियाला त्याची गरज उरली नव्हती. एक नकार देणारा आणि एक होकार देणारा, दोघेही ऑक्टोबर १९५५मध्ये एकाच लाटेत घरी आले. आइन्झीडेल १९४७मध्ये पूर्व जर्मनीत परतला, तेथे वर्तमानपत्रात काम केले, आणि पुढे साम्यवादी राज्याला कंटाळून पश्चिमेकडे निघून गेला. पश्चिमेत अमेरिकनांनी त्याला हेर म्हणून पकडले, आणि नंतर सोडले.

ह्यावरून एक गोष्ट लक्षात येते. कैद्याच्या हातात सौदा करण्याजोगे फारच थोडे असते. त्याने दिलेला शब्द पकडणारे पाळतीलच असे नाही. तेव्हा फायद्यासाठी केले, असा आरोप करण्यापूर्वी फायदा खरोखर मिळाला का, हे तरी पाहावे.

१९५१ साली हानने आपल्या आठवणींचे पुस्तक काढले. 'मी खरे सांगतो' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यात ग्राफवर कडक टीका होती. त्यानंतर जुन्या वैमानिकांनी ग्राफकडे पाठ फिरवली. पुढे तपशील तपासणाऱ्या इतिहासकारांना ही टीका अतिरेकी वाटली; ग्राफचे वागणे इतर कितीतरी जणांसारखेच होते, असे त्यांनी लिहिले. पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. ह्याच ग्राफने युद्धाच्या धुमश्चक्रीत जर्मनीच्या नामांकित फुटबॉलपटूंना आपल्या तुकडीत बोलावून आघाडीवरच्या मरणापासून वाचवले होते. १९८८मध्ये आपल्या जन्मगावी, एंगेन येथे, तो वारला.

मला येथे एक साधा प्रश्न पडतो. झाइडलिट्झ आणि आइन्झीडेल बोलले ते युद्ध चालू असताना. त्यांना फितूर म्हणायचे झाले, तर निदान ज्याच्याशी फितुरी केली ते राज्य तरी अस्तित्वात होते. मग ते किती का दुष्ट असेना. परंतु ग्राफने मिळते घेतले ते मे १९४५नंतर. तेव्हा हिटलर नव्हता, सैन्य नव्हते, सरकार नव्हते. ज्याच्याशी बेइमानी करायची ते राज्यच शिल्लक नव्हते. मग तो फितूर झाला तो कोणाशी?

ह्याचे एक खरे उत्तर आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे. छावणीत आपल्या शेजारच्या फळीवर झोपणाऱ्या सोबत्याची चहाडी करणारे लोक होते. चार घास जास्त मिळावेत म्हणून त्यांनी दुसऱ्याला कोठडीत पाठवले. ही मात्र फितुरी खरी. पत्रकावर सही करणे, वर्गात बसून साम्यवादावरील व्याख्याने ऐकणे, 'आम्ही युद्ध हरलो' असे लिहून देणे, आणि सोबत्याचा घात करणे, ह्या गोष्टी एकाच टोपलीत घालता येणार नाहीत. हानी कोणाची झाली, हे पाहिल्यावाचून माणसाला नाव ठेवू नये.

हा संशयाचा रोग एकट्या जर्मनांचा नव्हे. खुद्द रशियात स्टालिनने ऑगस्ट १९४१मध्ये हुकूम काढला होता की, शरण जाणारा अधिकारी हा गुन्हेगार समजावा आणि त्याच्या कुटुंबावरही कारवाई करावी. मिखाईल देव्याताएव्ह हा रशियन वैमानिक जुलै १९४४मध्ये जर्मनांच्या हाती सापडला. ८ फेब्रुवारी १९४५ रोजी पेनेम्युंड येथील तळावरून त्याने जर्मनांचेच विमान पळवले आणि नऊ सोबत्यांसह मायदेशी परतला. त्याचा सत्कार व्हावा की नाही? पण त्याच्याकडे आधी संशयानेच पाहिले गेले. 'सोव्हिएट संघराज्याचा वीर' ही पदवी त्याला मिळाली ती १९५७ साली, बारा वर्षांनी. हिटलर आणि स्टालिन एकमेकांचे हाडवैरी, पण कैदी आणि त्याच्या बायकोपोरांच्या बाबतीत दोघांचा कायदा सख्ख्या भावांसारखा.

आपल्या देशालाही हा प्रश्न परका नाही. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती सापडलेल्या हिंदी सैनिकांतून आझाद हिंद सेना उभी राहिली. आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले तिच्यातले एक प्रमुख सेनानी होते. इंग्रजांच्या कायद्याने हे सारे राजद्रोही. नोव्हेंबर १९४५मध्ये लाल किल्ल्यात खटला उभा राहिला, तेव्हा सारा देश त्यांच्या बाजूने उठला. दुसरीकडे, कैदेतले हाल सोसूनही आपली शपथ मोडायची नाही म्हणून ज्यांनी त्या सेनेत जाण्याचे नाकारले, तेही हिंदी शिपाईच होते. त्यांनाही कमी लेखता येत नाही. झाइडलिट्झची आणि आझाद हिंद सेनेची गोष्ट एक नव्हे; एक आपल्याच सरकारविरुद्ध उठला, दुसरे परक्या राज्याविरुद्ध. मी एवढेच म्हणते की, सही कोणाच्या कागदावर केली एवढ्यावरून मनुष्याची पारख होत नाही, हे आपल्या लोकांना त्या वर्षी उमगले होते.

१९५५च्या सप्टेंबरात आडेनाउअर मॉस्कोला गेले आणि उरलेल्या सुमारे दहा हजार कैद्यांची सुटका ठरवून आले. परतल्यावर विमानतळावर एका कैद्याच्या वृद्ध आईने पुढे होऊन त्यांच्या हाताचे चुंबन घेतले. ते छायाचित्र जगभर गेले. मग फ्रीडलांडच्या छावणीत गाड्या येऊ लागल्या. तेथे बायका फलक हातात धरून उभ्या असत. फलकावर मुलाचा, नवऱ्याचा फोटो, नाव, पलटण, आणि एवढाच प्रश्न: ह्याला कोणी पाहिले आहे का? उतरणाऱ्या माणसाने छावणीत कोणत्या कागदावर सही केली होती, असे त्या बायका विचारत नव्हत्या.

पुढे कायद्यानेही पाने उलटली. झाइडलिट्झची देहान्ताची शिक्षा जर्मन न्यायालयाने १९५६मध्ये रद्द केली. रशियाने त्याला दिलेली शिक्षा १९९६मध्ये पुसली, तेव्हा त्याला जाऊन वीस वर्षे झाली होती. हार्टमन १९९३मध्ये वारला, त्याची शिक्षा रशियाने १९९७मध्ये रद्द ठरवली. आइन्झीडेल मात्र दीर्घायुषी ठरला. १९९४ ते १९९८ तो एकीकृत जर्मनीच्या लोकसभेत बसला आणि २००७ साली वारला. रशियन न्यायालयांना आपले म्हणणे फिरवायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. पण जुन्या सोबत्यांनी आणि शेजाऱ्यांनी जो बहिष्कार टाकला, तो रद्द करणारे न्यायालय कोठेच नसते. तो निकाल ओट्यावर, नळावर, लग्नमुंजीच्या मांडवात लागतो, आणि तो बहुधा आपण बायकाच देतो.

म्हणून मला शेवटी एवढेच मागायचे आहे. आपल्या आळीत कोणी तुरुंगातून, परमुलखातून, दावणीच्या कामातून किंवा सासरच्या छळातून सुटून परत येते. त्याने किंवा तिने तेथे कोणापुढे मान तुकवली, कशावर अंगठा उमटवला, ह्याची कुजबुज सुरू होते. त्या वेळी तीन गोष्टी विचाराव्या. त्या कृत्याने दुसऱ्या कोणाचा घात झाला का? तेव्हा त्याच्यापुढे दुसरी वाट खरोखर होती का? आणि त्याच्या घरच्यांचा ह्यात काय दोष? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. घात करणाऱ्याला पाठीशी घालू नये. पण ते 'नाही' असेल, तर ताटवाटी मांडून त्याला पंगतीत बसवावे आणि त्याच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर खेळू द्यावे.

आपले मंडळ अनेक वर्षे शिवणवर्ग आणि बालवाडी चालवते आहे. त्या वर्गांत अशा घरांतल्या लेकीसुनांना मोकळेपणी येता यावे, आल्यावर कोणी त्यांच्याकडे तिरपे पाहू नये, एवढी दक्षता आपण घेतली तर ह्या परदेशच्या हकीकतीचा आपल्याला उपयोग झाला असे मी समजेन.